टाच

हौद्यात उतरवायच्या आधी
वस्ताद यसबा इंगवल्यांनी मला सहा महिने
नुसतं उभं राहायला शिकवलं.
मी शिरोलीच्या फौंड्रीतला, दंड भरलेले,
साचे एकट्यानं सरकवणारा.
उभं राहायला काय शिकायचंय?

त्यांनी दोन बोटं माझ्या छातीला लावली.
मी मातीत.
नाकात हळद, ताक, जुना घाम,
आणि वरनं आवाज:
"जोर दंडात घालून आलायस, होय रं?
दंड म्हंजे नुसता नळ.
पाणी खालनं येतंय. टाच रेट."

टाच, मग पोटरी, मग मांडी,
मग कंबर फिरली पाहिजे
गुऱ्हाळातल्या चरकासारखी,
सावकाश,
आणि मधे सापडलं ते सोडायचं नाही.
हात सगळ्यात शेवटी.
हात म्हणजे निरोप्या.

दुसरी गोष्ट त्यांनी तालमीबाहेर शिकवली.
पंचगंगेला पूर होता, शिवाजी पुलावर गर्दी.
लोक पाणी कुठवर चढलं ते बघत होते,
वस्ताद मला खांब दाखवत होते.
"त्याचं नाक बघ.
नदी अंगावर येतीया, आणि ह्यो गडी म्हणतोय,
जा की बाई, हिकडनं जा, तिकडनं जा.
सपाट भिंत असती तर कवाच गेली असती."
मी म्हणालो, पण खांब हलत नाही, वस्ताद.
"त्यो दगड हाय. तू हल."

त्या साली जत्रेच्या मैदानात
सांगलीकडचा एकजण माझ्यावर आला,
वीस किलोनं जड, मान रेड्याची.
मी त्याला पाडलं नाही.
तो जिथं निघाला होता
तिथं त्याला जरा लवकर पोचवलं.
हलगी वाजली, कुणीतरी फेटा बांधला.
वस्ताद एवढंच म्हणाले,
"डावी टाच उचलली हुतीस."

मार्चात त्यांची डावी बाजू गेली.

मुलगा हैदराबादला साइटवर.
घरात सून, शालनवैनी, अंगानं काडी.
वीस वर्षं तालमीपासून चार घरांवर राहिली,
पोरांसाठी दूध-बदामाचा तांब्या उंबऱ्यापर्यंत आणून ठेवला,
आत कधी आली नाही.
बाईमाणसानं हौदा बघायचा नाही,
हा नियम वस्तादांचाच.

"मला उचलत नाहीत ओ," ती म्हणाली.
आणि माझी त्या आठवड्यात रात्रपाळी.
मी म्हणालो, वैनी, उचलू नका.
त्यांचा गुडघा तुमच्या दोन गुडघ्यांत घ्या.
त्यांना पुढं पडू दे.
भार येईल अंगावर, येऊ दे,
आला की अडवायचा नाही,
कंबरेतनं वळायचं, खुर्चीकडं.

पहिल्या दिवशी दोघंही पलंगावर बसले.
दुसऱ्या दिवशी बांगडी फुटली.
वस्ताद आढ्याकडं बघत होते,
सुनेच्या खांद्यावर हनुवटी,
डोळ्यांतनं पाणी; ते दुखण्याचं
का कशाचं, मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी वाकड्या तोंडातनं आलं,
"टा."
"ताट आणू, मामंजी?"
"टा... टा..."
मी दारात, हातात डबा.
मला कळलं होतं.
पण सांगायचं माझ्या अंगात आलं नाही,
कारण सांगणारा समोर होता.

शालनवैनीनं खाली बघितलं.
तिची टाच शहाबादी फरशीवरनं बोटभर वर होती.
ती तिनं टेकवली.

नव्वद किलोचा माणूस
वळला.
खुर्ची कुरकुरली, एवढंच.

तिनं पदरानं तोंड पुसलं, मोकळा श्वास टाकला.
वस्तादांचा उजवा हात
धोतरावरनं चाचपडत मांडीपर्यंत गेला,
उचलला, आणि पडला.
शड्डू म्हणावा असा काही आवाज झाला नाही.
"काय पाहिजे त्यांना?" तिनं विचारलं.
काही नाही, म्हणालो.
शिरोलीची गाडी चुकायला आली होती,
मी निघालो,
आणि जिना उतरताना बघितलं,
माझी डावी टाच.